सनस्क्रीन घेताना नेमकं कशाला घाबरायचं?

"सनस्क्रीनमधलं केमिकल रक्तात जातं" असा मेसेज उन्हाळ्याच्या तोंडावर फिरू लागला की काही जण सनस्क्रीन लावणंच सोडतात. काही जण नागपुरात बर्डीच्या फुटपाथवरून 'हर्बल, केमिकल-फ्री' लिहिलेली ट्यूब उचलतात, जिच्यावर ना बनवणाऱ्याचा पत्ता असतो, ना बॅच नंबर. पहिल्यांचं नुकसान हळूहळू होतं, दुसऱ्यांचं लवकर होऊ शकतं.

आमच्या मते काळजीचा क्रम असा लावावा: आधी पारा किंवा स्टेरॉइड मिसळलेली 'उन्हापासून रक्षण आणि गोरेपणा' देणारी क्रीमं. मग पुरेसं रक्षण न देणारं किंवा पुरेसं न लावलेलं सनस्क्रीन. त्यानंतर सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हची अ‍ॅलर्जी. ऑक्सिबेन्झोनसारखे किरण अडवणारे, ज्यांच्या नावाने सगळ्यात जास्त ओरड होते ते घटक शेवटी. त्यांच्याबद्दलचे प्रश्न खरे आहेत, पण इंटरनेटवर हा क्रम बहुतेक वेळा उलटाच दिसतो.

आधी उन्हाबद्दल

तापलेलं ऊन आणि त्वचेला भाजणारं ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, अंगाला जाणवते ती उष्णता, म्हणजे मुख्यतः अवरक्त किरण आणि तापलेली हवा. अतिनील किरण जाणवतच नाहीत. त्यामुळे जानेवारीच्या सकाळी फुटाळा तलावावर कोवळं वाटणारं ऊन बारा वाजेपर्यंत बरंच कडक झालेलं असतं, तरी थंड हवेमुळे त्याचा पत्ता लागत नाही.

सावली बघणं हे सगळ्यात सोपं मोजमाप. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल, तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या वर आहे आणि अतिनील किरण जोरात आहेत. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे २६ मेच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास सावली पायाखाली जाते. जुलैच्या मध्यावर पुन्हा एकदा तसंच होतं, फक्त तेव्हा ढग असल्याने कोणी बघत नाही. मेच्या शेवटी सकाळी ९ पासून दुपारी साधारण साडेतीनपर्यंत सावली उंचीपेक्षा लहानच राहते. २२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा, नागपुरात भर दुपारची सावली जेमतेम आपल्या उंचीएवढी असते. म्हणजे वर्षभरात एकही दिवस असा नाही की भर दुपारी ऊन 'मऊ' आहे म्हणून निर्धास्त राहावं.

अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. यूव्हीबी किरण त्वचा लाल करतात, भाजतात आणि त्वचेच्या कर्करोगाशी त्यांचा थेट संबंध आहे. यूव्हीए किरण जास्त खोल जातात. त्वचा काळवंडणं, वांग (चेहऱ्यावरचे काळपट चट्टे) गडद होणं, सुरकुत्या लवकर पडणं यात त्यांचा मोठा हात असतो. यूव्हीबी खिडकीच्या काचेत बहुतांश अडकतात, यूव्हीए मात्र साध्या काचेतून आत येतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्याने त्यांना बऱ्यापैकी रोखते, बाजूच्या काचेचा तसा भरवसा नाही. रोज वर्धा रोडने मिहान या औद्योगिक भागात कारने जाणाऱ्यांचा खिडकीकडचा हात जास्त काळवंडतो, याचं एक कारण हेच.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने भाजण्याचा आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा कमी आहे. पण वांग आणि डाग यांचा त्रास आपल्याकडेच जास्त. म्हणून आपल्यासाठी यूव्हीएपासूनचं रक्षण एसपीएफच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं, कधी कधी त्याहूनही जास्त.

ट्यूबवरचे आकडे

एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीचा आकडा आहे. त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के अडवतो, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. "मग ३० आणि ५० मध्ये फरक एका टक्क्याचाच" असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब उलट बाजूने करून पाहा. ३० मधून सव्वातीन टक्क्यांच्या आसपास किरण आत येतात, ५० मधून २ टक्के. आत येणाऱ्यांत दीडपटीहून जास्त फरक झाला. शिवाय आपण नेहमी कमीच लावतो, म्हणून मोठा आकडा घेतलेला बरा. ५० च्या वर मात्र फायदा फार वाढत नाही. नागपुरात बाहेर फिरणाऱ्याने ५० घ्यावं, घरात-ऑफिसात राहणाऱ्याला ३० पुरतं.

यूव्हीएसाठी 'पीए' आणि पुढची अधिकची चिन्हं बघा. ही पद्धत जपानची. एक चिन्ह म्हणजे यूव्हीए-रक्षणाचा आकडा २ ते ४, दोन म्हणजे ४ ते ८, तीन म्हणजे ८ ते १६, आणि चार म्हणजे १६ किंवा जास्त. तीनपेक्षा कमी चिन्हं असतील तर घेऊ नका. युरोपातल्या ट्यूबवर गोलात 'यूव्हीए' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ यूव्हीए-रक्षण एसपीएफच्या किमान एक-तृतीयांश आहे. नुसतं 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलंय आणि पीए नाही, अशी ट्यूब वांग असलेल्याने टाळलेलीच बरी.

'वॉटर रेझिस्टंट'च्या पुढे ४० किंवा ८० मिनिटं लिहिलेली असतील तर तेवढा वेळ पाण्यात किंवा घामात राहूनही लिहिलेला एसपीएफ टिकतो, असा त्याचा अर्थ. पूर्ण 'वॉटरप्रूफ' असं सनस्क्रीन नसतं.

गाळणारे घटक: कोणाला काय म्हणायचं

किरण अडवणारे घटक दोन गटांचे. खनिज गटात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोनच. बाकी सगळे सेंद्रिय (म्हणजे कार्बनयुक्त, शेतीतल्या 'सेंद्रिय' अर्थाने नव्हे) फिल्टर, ज्यांना बाजारात 'केमिकल' म्हणतात. झिंक ऑक्साइडही केमिकलच आहे, तेव्हा 'केमिकल-फ्री सनस्क्रीन' या शब्दांना काही अर्थ नाही. खनिज घटक किरण आरशासारखे परत फेकतात हाही गैरसमज. तेही मुख्यतः किरण शोषूनच घेतात.

आता ज्या बातमीवरून भीती पसरली तिच्याकडे वळू. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१९ मध्ये सनस्क्रीनमधल्या १६ घटकांबद्दल आपला प्रस्ताव मांडला. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड सुरक्षित व परिणामकारक. पाबा आणि ट्रोलामाइन सॅलिसिलेट नकोत. उरलेल्या १२ घटकांबद्दल माहिती अपुरी, कंपन्यांनी ती द्यावी. 'माहिती अपुरी' याचं मेसेजमध्ये 'विषारी' झालं. त्याच वर्षी आणि २०२० मध्ये एफडीएच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हे सेंद्रिय फिल्टर रक्तात उतरतात, आणि जास्त तपासणी करावी लागेल अशा ठरवलेल्या पातळीच्या, म्हणजे दर मिलिलिटरमागे ०.५ नॅनोग्रॅमच्या वर जातात. पहिल्या प्रयोगात लोकांनी अंगाच्या पाऊण भागावर, दिवसातून चार वेळा, चार दिवस पूर्ण जाड थर लावला होता. आपल्यापैकी कोणीच असं लावत नाही. रक्तात उतरणं म्हणजे अपाय होणं नव्हे. तपासलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. सनस्क्रीन वापरणं थांबवू नका, हे एफडीएने तेव्हाच सांगितलं होतं.

तरीही निवड करायची वेळ आली की काही नावं वगळणं सोपं आहे. वगळून तोटा होत नाही, कारण पर्याय मिळतात.

ऑक्सिबेन्झोन, लेबलवर बहुधा 'बेन्झोफिनोन-३'. सेंद्रिय फिल्टरांपैकी शरीरात सगळ्यात जास्त उतरणाऱ्यांत हा आहे. हार्मोनसारखं वागण्याची शंका मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून, मोठ्या मात्रेतून आली आहे. उन्हात अ‍ॅलर्जी उठवणाऱ्या फिल्टरांत याचं नाव वर आहे. युरोपीय महासंघाने २०२२ मध्ये याची मर्यादा अंगाला लावायच्या क्रीममध्ये २.२ टक्के आणि चेहरा, हात, ओठ यांच्या उत्पादनांत ६ टक्के केली. गर्भवतीने आणि लहान मुलांसाठी टाळावं.

होमोसॅलेट. युरोपात आता फक्त चेहऱ्याच्या उत्पादनांत, आणि तेही ७.३४ टक्क्यांपर्यंतच. भारतीय ट्यूबवर टक्केवारी लिहिलेली असेलच असं नाही, त्यामुळे यादीत हे नाव अगदी वर असलेलं आणि अंगभर लावायचं उत्पादन सोडून द्या.

४-एमबीसी, म्हणजे ४-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर. युरोपने यावर बंदी घातली आहे. जुन्या, आयात केलेल्या मालात दिसलं तर ट्यूब परत ठेवा.

ऑक्टिनॉक्सेट, लेबलवर 'इथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट'. स्वस्त असल्याने आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूबांत असतं. याच्याबद्दलची आमची तक्रार विषारीपणाची कमी आणि जोडीदाराची जास्त आहे. यूव्हीए अडवणारं एव्होबेन्झोन, म्हणजे 'ब्युटाइल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन', आधीच उन्हात तुटतं. ऑक्टिनॉक्सेटसोबत ते आणखी भराभर तुटतं आणि ऑक्टिनॉक्सेटही सोबत जातं. म्हणजे सकाळी लावलेलं यूव्हीए-रक्षण दुपारपर्यंत बरंच गळालेलं. ही दोन्ही नावं एकाच ट्यूबवर दिसली आणि कोणताही स्थिर करणारा घटक दिसला नाही, तर ती ट्यूब परत ठेवा. एव्होबेन्झोनसोबत ऑक्टोक्रिलीन किंवा बेमोट्रिझिनॉल असेल तर ते टिकतं.

ऑक्टोक्रिलीन वेगळ्या कारणाने चर्चेत असतं. ते ट्यूबमध्ये पडून पडून बेन्झोफिनोन तयार करतं आणि जुन्या ट्यूबमध्ये त्याचं प्रमाण वाढत जातं. उपाय सोपा आहे: ताजी बॅच घ्या, मुदत संपलेली वापरू नका, गेल्या उन्हाळ्यातली उरलेली यंदा काढू नका. आणखी एक, सांधेदुखीसाठी किटोप्रोफेनचं जेल लावणाऱ्यांना ऑक्टोक्रिलीन आणि ऑक्सिबेन्झोन या दोन्हींची उन्हात उठणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते. त्यांनी खनिज सनस्क्रीनच घ्यावं.

मग घ्यायचं काय? सेंद्रिय फिल्टरमध्ये नव्या पिढीचे तीन आम्हाला पटतात. बेमोट्रिझिनॉल, लेबलवर 'बिस-इथिलहेक्सिलॉक्सिफिनॉल मेथॉक्सिफिनाइल ट्रायाझीन', व्यापारी नाव टिनोसॉर्ब एस. डायइथिलअमिनो हायड्रॉक्सिबेन्झॉइल हेक्सिल बेन्झोएट, व्यापारी नाव युव्हिन्युल ए प्लस. आणि इथिलहेक्सिल ट्रायाझोन, युव्हिन्युल टी १५०. हे उन्हात टिकतात. पहिल्याचे आणि तिसऱ्याचे रेणू इतके मोठे आहेत की त्वचेतून आत जाणं अवघड. नावं पाठ करायची गरज नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मेडिकलमध्ये ट्यूबवरच्या यादीशी ताडून पाहा.

चेहरा चटकन लाल होणाऱ्यांसाठी, गर्भवतींसाठी आणि मुलांसाठी झिंक ऑक्साइड. तोटा माहीत असू द्या: सावळ्या चेहऱ्यावर राखाडी-पांढरट थर दिसतो, आणि तो दिसू नये म्हणून माणूस कमी लावतो. कमी लावलेलं निर्धोक सनस्क्रीन म्हणजे कागदावरचंच रक्षण. यावर रंग मिसळलेलं, 'टिंटेड' सनस्क्रीन चांगला तोडगा आहे. त्यातले आयर्न ऑक्साइड, लेबलवर सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९, नुसता रंग देत नाहीत. ते दिसणारा प्रकाशही अडवतात. वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतं आणि बिनरंगी सनस्क्रीन तो अडवत नाही. वांग असलेल्यांनी महागड्या सीरमच्या आधी हे घ्यावं.

अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो कणांची भीती धडधाकट त्वचेपुरती तरी निराधार आहे. झिंक आणि टायटॅनियमचे कण मृत पेशींच्या वरच्या थरातच राहतात. श्वासातून गेले तर गोष्ट वेगळी. म्हणून पावडर आणि स्प्रे स्वरूपातली खनिज सनस्क्रीनं नकोत. स्प्रेचा आणखी एक अनुभव गाठीशी ठेवण्यासारखा आहे: २०२१ मध्ये अमेरिकेत काही फवारणीच्या सनस्क्रीनमध्ये बेन्झीन हे कर्करोगकारक रसायन सापडलं आणि माल परत बोलवावा लागला. ते सनस्क्रीनचा घटक नव्हतं, भेसळीसारखं आत आलं होतं. क्रीम किंवा लोशन घ्या, विषय संपला.

'रीफ-सेफ' या शिक्क्याला जास्त पैसे देऊ नका. प्रवाळांवरच्या परिणामामुळे अमेरिकेतल्या हवाई राज्याने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीनं विकायला मनाई केली. नागपूरपासून समुद्र कोणत्याही बाजूने ५०० किलोमीटरच्या पलीकडे. अंदमानला जात असाल तर मात्र खनिज सनस्क्रीन न्या आणि अंगात पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला.

खरा धोका: पारा आणि स्टेरॉइड

पारा मेलॅनिन तयार होणं रोखतो, म्हणून रंग उजळतो, तोही आठवड्याभरात. म्हणूनच तो स्वस्त 'सन प्रोटेक्ट फेअरनेस' क्रीममध्ये घातला जातो. तो त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. लघवीला फेस येणं, पायावर सूज येणं ही लक्षणं. केरळच्या मलप्पुरममध्ये २०२३ मध्ये असे रुग्ण एकापाठोपाठ सापडले आणि माग गोरेपणाच्या क्रीमपर्यंत गेला. टॉवेल-उशीवरून घरातल्या मुलांपर्यंतही पारा पोहोचतो.

भारतात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्याभोवतीची उत्पादनं वगळता पारा दर दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त असू नये, आणि तोही अनवधानाने आलेलाच. घरी पारा तपासता येत नाही, पण संशय घेता येतो. यादीत 'कॅलोमेल', 'मर्क्युरस क्लोराइड', 'मर्क्युरिक आयोडाइड' किंवा 'अमोनिएटेड मर्क्युरी'. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका, अशी सूचना. उजेडात ठेवल्यावर क्रीम करडं-हिरवट पडणं. यातलं एकही दिसलं तर क्रीम पिशवीत बंद करा, वापर थांबवा, बेसिनमध्ये ओतू नका.

स्टेरॉइडचा घोळ याहून जास्त घरांत आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड एकत्र असलेलं मलम त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी ठरावीक आठवडे देतात. शेजारणीला फरक पडला म्हणून तेच रोज, महिनोन्‌महिने लावलं जातं. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते आणि ऊन सहनच होईनासं होतं. अशा चेहऱ्यावर कुठलंही सनस्क्रीन लावलं तरी जळजळतं आणि दोष सनस्क्रीनला जातो. २०१८ पासून ही स्टेरॉइड मलमं अनुसूची एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असेल तर विचारा. क्रीम एकदम बंद केल्यावरही चेहरा भडकतो, तेव्हा बंद करतानाही डॉक्टर हवा.

ट्यूब हातात घेतल्यावर

उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत बघा. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. हे छापलेलं हवं. वरून चिकटवलेल्या कागदाखाली मूळ मजकूर झाकलेला असेल तर नको. नोंदणी नसलेली विदेशी ट्यूब खरी आहे की रिकाम्या डब्यात भरलेली, हे ओळखायला आपल्याकडे साधन नाही. ऑनलाइन घेताना विक्रेता कंपनीचाच आहे का ते पाहा.

घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. एक टक्क्याच्या खालचे शेवटी कसेही. झिंक ऑक्साइड 'परफ्यूम'च्याही मागे असेल तर ते नावापुरतं आहे. 'शंभर टक्के मिनरल' लिहिलेल्या यादीत ब्युटाइलऑक्टिल सॅलिसिलेट दिसलं तर हसा आणि पुढे जा: हा एका सेंद्रिय फिल्टरचा चुलतभाऊच, एसपीएफ वाढवायला घातलेला. अपायकारक नाही, पण जाहिरात खरी नाही.

त्वचा नाजूक असेल तर परफ्यूम, लिमोनीन, लिनालूल आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन नकोत. शेवटचं प्रिझर्व्हेटिव्ह अ‍ॅलर्जीसाठी इतकं बदनाम आहे की धुऊन न टाकायच्या क्रीममध्ये युरोपात २०१७ पासून त्याला मनाई आहे. पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हबद्दलची भीती मात्र वाढवून सांगितलेली; ठरलेल्या मर्यादेत मिथाइल आणि इथिल पॅराबेन चालतात. नवीन ट्यूब कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा. खाज-लाली आली नाही तर चेहऱ्याला.

घरगुती उपायांपैकी खोबरेल तेल, संत्र्याच्या सालीची पूड, चंदन हे सनस्क्रीन नव्हेत. लिंबाचा रस लावून उन्हात जाणं तर उलटंच: त्यातल्या फ्युरोकुमारिन या घटकामुळे फोड येतात आणि मग महिनाभर तपकिरी डाग राहतो.

किती लावायचं, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

ट्यूबवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा, कान, पुढची-मागची मान यांना मिळून साधारण एक ते सव्वा ग्रॅम. तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर, मुळापासून टोकापर्यंत, दोन रेघा ओढा, तेवढं होतं. कोपरापासून बोटांपर्यंत प्रत्येक हाताला जवळपास तेवढंच. अंगभर लावायचं तर ३० ग्रॅमच्या वर.

आता ट्यूबचा हिशेब. दिवसातून दोनदा चेहरा-मानेला लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन-साडेतीन आठवड्यांत संपायला हवी. तुमची चार महिने पुरत असेल तर तुम्ही ५० एसपीएफ लावतच नाही आहात. थर पातळ झाला की आकडाही कोसळतो. म्हणून २५० रुपयांची, फिल्टर बरे असलेली आणि दोन बोटं भरून लावता येणारी ट्यूब, ९०० रुपयांच्या थेंब-थेंब पुरवलेल्या ट्यूबपेक्षा चांगली. खरेदीचा हाच पहिला निकष असावा.

क्रम असा: तोंड धुवा, कोरडं करा, मॉइश्चरायझर लावायचं असेल तर लावून पाचेक मिनिटं थांबा. मग सनस्क्रीन ठिपक्या-ठिपक्यांनी ठेवून पसरा, चोळू नका. दोन रेघा एकदम जड वाटत असतील तर एक रेघ, दोन मिनिटांनी दुसरी. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पापण्या, भांग आणि चपलेतून दिसणारी पावलं राहून जातात. निघायच्या पंधरा मिनिटं आधी लावलं की थर बसतो. लावल्यावर गोळ्या वळत असतील तर खालचं मॉइश्चरायझर सुकलेलं नाही किंवा दोघांत सिलिकॉन जास्त आहे. घामासोबत डोळ्यात जाऊन झोंबत असेल तर डोळ्याभोवती झिंकची स्टिक.

पुन्हा लावायचं ते दर दोन तासांनी, पण कोणी? कळमना बाजारात माल उतरवणाऱ्याने, सिग्नलवरच्या पोलिसाने, डिलिव्हरी करणाऱ्याने. दिवसभर ऑफिसात बसणाऱ्याने बाहेर पडण्याआधी पुन्हा लावलं तरी पुरे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात घाम जाणवत नाही, लगेच वाळतो आणि चेहऱ्यावर नुसतं मीठ उरतं. थर मात्र गेलेला असतो. ओल्या रुमालाने टिपा, कोरडं करा, मग लावा.

स्कूटीवर चेहऱ्याला गुंडाळलेला दुपट्टा ही नागपूरची चांगली सवय. पण पातळ पांढरा सुती दुपट्टा उन्हाकडे धरून पाहा: आरपार उजेड दिसत असेल तर किरणही येतात, आणि घामाने भिजला की जास्त. गडद, दाट विणीचा घ्या किंवा दुहेरी घडी करा. कापड घासून सनस्क्रीन निघतं, म्हणून पोहोचल्यावर दुपट्टा काढताना आरसा बघा. हँडलवरचे हात तर कायम उघडे. त्यांना हातमोजे सनस्क्रीनपेक्षा स्वस्त पडतात.

सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली आणि अंगभर सुती कपडे. पेंचच्या जंगलात जाताना डासांचं मलमही लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, पंधरा-वीस मिनिटांनी मलम. दोन्ही एकत्र असलेली ट्यूब नको, कारण सनस्क्रीन वारंवार लागतं आणि मलमातलं डास पळवणारं डीट वारंवार लावायचं नसतं. डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन किंवा रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड चालू असेल तर त्वचा उन्हाला जास्त दुखावते, डॉक्टरांना विचारा.

ट्यूब गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. मेमध्ये डिक्की बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, क्रीममधलं तेल-पाणी सुटं होतं आणि फिल्टर सगळीकडे सारखे राहत नाहीत. दाबल्यावर आधी पाणी आलं, वास बदलला, दाणे लागले तर टाकून द्या. पांढऱ्या कुर्त्याच्या कॉलरवर गंजासारखे पिवळे-नारिंगी डाग पडत असतील तर ते एव्होबेन्झोनचं आणि बोअरच्या पाण्यातल्या लोहाचं काम. ब्लीचने ते आणखी गडद होतात, लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून मग धुवा.

चेहऱ्यावर पुरळ उठलंच तर सनस्क्रीन बंद करून नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा. जाताना ट्यूब, शक्य असेल तर खोक्यासकट, सोबत न्या; घटकांच्या यादीशिवाय डॉक्टर नेमकी कशाची अ‍ॅलर्जी ते तपासू शकत नाहीत.